नाव ठरेपर्यंत नोंद तरी करा

टेकडीवरच्या वनस्पतींची किंवा ओढ्यातल्या जिवांची प्रामाणिकपणे केलेली कोणतीही यादी घ्या. तिच्यात काही ओळी अर्ध्या असतात. जीनसचं, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचं, नाव लिहिलेलं असतं आणि पुढे नुसतं ‘एसपी’, म्हणजे ‘स्पीशीज’चं लघुरूप. हा जीव कोणत्या जीनसमधला हे यादी करणाऱ्याला कळलेलं असतं. नेमकी प्रजाती मात्र ओळखता आलेली नसते, किंवा ओळखता आली तरी तिचं शास्त्रीय वर्णन अजून कुणी प्रसिद्ध केलेलं नसतं. यादी अहवालात जाते, अहवालाचा सारांश निघतो, सारांशावरून सादरीकरण तयार होतं, आणि प्रत्येक टप्प्यावर सर्वांत आधी गळतात त्या याच ओळी. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर कागद पोचतो तेव्हा त्यावर फक्त पूर्ण नावाचे जीव उरलेले असतात.

ही गळती मला गंभीर वाटते. वर्णन न झालेल्या प्रजातीला पक्कं नाव मिळायला वर्षं लागतात आणि ती लागलीच पाहिजेत, कारण ते काम घाईनं करण्यासारखं नाही. पण तोपर्यंत तिला एक तात्पुरतं नाव हवं. ते संग्रहालयातल्या प्रत्यक्ष नमुन्याशी बांधलेलं हवं, कुणालाही शोधता येईल असं हवं, आणि महापालिकेनं, वनखात्यानं, प्रकल्पांचे अहवाल तपासणाऱ्या समित्यांनी ते मोजलं पाहिजे.

आधी पक्क्या नावाला एवढा वेळ का लागतो ते पाहू. वनस्पतींची आजची नामपद्धती १७५३ सालापासून धरली जाते, प्राण्यांची १७५८ पासून. एखादं झुडूप नवं आहे असं म्हणायचं तर त्या जीनसमधल्या, तेव्हापासून आजवर नाव मिळालेल्या सगळ्या भाईबंदांशी ते ताडून पाहावं लागतं. दख्खनमधल्या अनेक वनस्पतींचे मूळ नमुने इंग्लंडमधल्या क्यू वनस्पती उद्यानाच्या किंवा लंडनच्या संग्रहात आहेत, कारण गोळा करणारे तिकडचे होते. मग जुनी लॅटिन वर्णनं वाचायची, वाळलेल्या नमुन्यांचे फोटो मागवायचे, फुलोरा आणि बिया पुन्हा मिळाव्यात म्हणून पुढच्या हंगामाची वाट बघायची. त्यानंतर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधारनमुना, म्हणून ठरवून संग्रहालयात जमा करायचा आणि वर्णन प्रसिद्ध करायचं. वनस्पतींच्या बाबतीत २०११ अखेरपर्यंत हे वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं. आता इंग्रजी चालतं, पण बाकीचं काम तेवढंच राहिलं आहे.

हे करणारी माणसं फार थोडी आहेत. २००७ साली नाव मिळालेल्या शेकडो प्रजातींचा मागोवा घेणारा एक अभ्यास २०१२ साली आला. पहिला नमुना हातात आल्यापासून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी जवळपास २१ वर्षं गेली होती. वनस्पतींबद्दलचा २०१० सालचा अभ्यास आणखी अस्वस्थ करतो. पहिल्यांदा गोळा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत नाव मिळालेल्या प्रजाती जेमतेम १६ टक्के होत्या. ज्या सपुष्प वनस्पतींचं वर्णन व्हायचं आहे त्यांतल्या निम्म्याहून अधिक कुठल्यातरी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात आधीच येऊन पडल्या असाव्यात, असा त्या संशोधकांचा अंदाज होता.

पुण्यात अशी कपाटं बरीच आहेत. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाचं. आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतींचा आणि बुरशींचा संग्रह आहे. महाविद्यालयांची जुनी हर्बेरियम वेगळीच. वर्गीकरणशास्त्रासाठी एवढ्या सोयी हाताशी असलेली शहरं देशात मोजकीच असतील. म्हणून ही चर्चा पुण्यात व्हावी असं मला वाटतं.

नावाविना राहण्याची किंमत काय असते हे एका माशावरून फार स्पष्ट दिसतं, आणि त्या गोष्टीचा एक धागा पुणे जिल्ह्यातून जातो.

कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये मुंबई सरकारसाठी माहिती गोळा करत होता. त्यानं इथल्या माशांवर लिहिलेला लेख १८३९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुळा-मुठेतल्या एका महसीर माशाचं वर्णन आहे. आज त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. १८३९ पासून या माशाला नाव असल्यामुळे त्याच्यावर अभ्यास झाले, तो संकटग्रस्तांच्या यादीत आला, लोणावळ्याजवळच्या हॅचरीत त्याची पैदास झाली आणि ती पिल्लं देशातल्या अनेक नद्यांमध्ये सोडली गेली. कावेरीतही गेली.

कावेरीत त्याआधीपासून दुसरा महसीर राहत होता. पाठीवर वशिंड असलेला, पन्नास किलोच्या पुढे जाणारा, गळ टाकणाऱ्या शौकिनांमध्ये जगभर प्रसिद्ध असलेला. एकोणिसाव्या शतकापासून त्याच्याबद्दल लिहिलं जात होतं, त्याच्यासोबतचे फोटो छापले जात होते, पण शास्त्रीय नाव त्याला लागलेलं नव्हतं. संशोधक त्याला ‘टॉर एसपी’ म्हणत. दरम्यान खुद्री कावेरीत फोफावला. गळ टाकणाऱ्यांच्या जुन्या नोंदी काढून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. बाहेरून आणलेल्या माशाची संख्या वाढत गेली आणि वशिंडवाला दिसेनासा होत गेला, हे त्यातून उघड झालं. पण ज्याला नाव नाही त्याला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, संकटातल्या जिवांच्या लाल यादीत बसवायचं कसं, हा प्रश्न होता.

अखेर २०१८ साली उलगडा झाला. केरळातल्या पांबर नदीतल्या नमुन्यांवरून आधीच वर्णन झालेला टॉर रेमादेवी आणि कावेरीतला वशिंडवाला एकच आहेत, हे जनुकांवरून आणि शरीररचनेवरून दाखवण्यात आलं. त्या संशोधकांमध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत काम केलेले नीलेश डहाणूकर होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा मासा लाल यादीत थेट ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात दाखल झाला. नाव जोडलं गेल्यानंतर काही महिन्यांत जे झालं ते त्याआधी इतकी वर्षं होऊ शकलं नव्हतं. आणि खुद्रीचं काय? तोही पुन्हा तपासला गेला आणि त्याला फारसा धोका नाही असं ठरलं.

या प्रकरणात कुणाचा हेतू वाईट होता असं मला म्हणायचं नाही. पिल्लं वाढवणाऱ्यांना महसीर वाचवायचा होता. पण नदीत कोण आधीपासून राहतं याची नोंद ‘एसपी’ या दोन अक्षरांपाशी थांबली होती. त्या अक्षरांच्या जागी ‘कावेरीचा वशिंडवाला’ एवढं तात्पुरतं नाव, त्याला जोडलेला नमुना आणि ‘यात दुसरा महसीर सोडू नये’ अशी एक ओळ सरकारी कागदावर असती, तर पिल्लं सोडण्याआधी निदान कुणीतरी प्रश्न विचारला असता.

वर्णनाआधी नोंद, हे आपल्या कायद्याला अपरिचित नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ सालच्या कायद्यात बाळाचा जन्म नावाशिवाय नोंदवता येतो आणि नाव मागाहून भरता येतं. ससूनमध्ये जन्मलेल्या बाळाच्या मनगटावर आईच्या नावाची पट्टी असते. बारसं व्हायचं असतं, तरी वजन लिहिलं जातं, लस टोचली जाते, जन्माच्या आकड्यात ते धरलं जातं. बारशापर्यंत बाळ मोजायचंच नाही असं कुठलंही रुग्णालय म्हणणार नाही. जिवांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण अनुसूचीतल्या नावांना मिळतं. २०२२ च्या दुरुस्तीनं या अनुसूची मोठ्या केल्या, तरी प्रवेश नावावरूनच आहे. आययूसीएन वर्णन न झालेल्या प्रजातींना अपवाद म्हणूनच जागा देते, आणि त्यासाठी ती वेगळी आहे याबद्दल तज्ज्ञांचं एकमत, संग्रहालयातले नमुने, वर्णनाचं चालू असलेलं काम अशा अटी घालते. या अटी मला रास्त वाटतात. आपल्या जैविक विविधता कायद्यातही, २००२ पासून, एक उपयोगी कलम आहे. कलम ३९ प्रमाणे कुणालाही नवी प्रजाती सापडली तर तिची माहिती सरकारनं नेमलेल्या संग्रहाला द्यायची आणि नमुना तिथे जमा करायचा. म्हणजे नमुना ठेवायची जागा आणि ठेवण्याचं बंधन दोन्ही आहेत. त्या नमुन्याला नाव मिळेपर्यंतच्या काळात तो कोणत्या नावानं ओळखायचा आणि कोणी मोजायचा, एवढाच भाग राहिला आहे.

प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालांची अडचण याहून मोठी आहे. अनेक अहवालांसाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती घेतली जाते. सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाला यातली गफलत समजावून सांगावी लागू नये. कंदीलपुष्पं, गेंद, कडेकपारीतल्या भुईआमऱ्या, सड्यांवरची, म्हणजे खडकाळ पठारांवरची, बहुतेक बुटकी फुलं पावसाळ्यातच ओळखता येतात. मार्चमध्ये सड्यावर गेलेल्या माणसाला वाळलेलं गवत आणि दगड दिसणार. त्यातूनही एखाद्या मेहनती सर्वेक्षकानं काही वेगळं टिपलं तर ते ‘एसपी’ म्हणून नोंदलं जातं आणि अंतिम प्रतीत येत नाही. अशा एका यादीवर मी इतरांबरोबर काम केलं होतं. छापील अहवालात आमच्या अर्ध्या ओळी नव्हत्या. विचारल्यावर उत्तर मिळालं की ओळख न पटलेल्या नोंदींचा निर्णयासाठी उपयोग नसतो. मला हे उत्तर तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. ओळख न पटलेला जीव हा निर्णयासाठी सर्वांत महत्त्वाचा असू शकतो. जगात तो आणखी कुठे आहे हे आपल्याला ठाऊकच नसतं.

पुण्याजवळचं ताजं उदाहरण तळेगाव दाभाड्याच्या गवताळ टेकड्यांचं आहे. तिथल्या डिक्लिप्टेरा जीनसमधल्या एका वनस्पतीचं वर्णन आघारकर संस्थेच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलं आणि तिला डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा असं नाव दिलं. ही वनस्पती वर्षातून दोनदा फुलते. एकदा पावसाळा सरल्यावर, आणि पुन्हा उन्हाळ्यात, गवताला लावलेली आग विझून गेल्यावर. तिच्या फुलोऱ्याची रचना भारतातल्या इतर डिक्लिप्टेरांमध्ये आढळत नाही, तिचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेत आहेत. संशोधकांनी ती काही वर्षं सलग पाहिली, ऋतूंनुसार तपासली, तेव्हा कुठे खात्री झाली. असंच काम व्हायला हवं. पण त्या निरीक्षणाच्या वर्षांत त्या टेकड्यांबद्दल कुणी माहिती मागितली असती तर कागदावर काय आलं असतं? गवताळ जमीन आपल्याकडे सहज ‘पडीक’ म्हणून नोंदली जाते. तळेगावच्या आसपास बांधकामं कोणत्या वेगानं वाढली आहेत ते जुन्या महामार्गानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं.

मग तात्पुरतं नाव कसं असावं? जगात वेगवेगळ्या शाखांनी आपापल्या सोयी केल्या आहेत, आणि त्यांतल्या सगळ्या सारख्या चांगल्या नाहीत. वर्गीकरणतज्ज्ञ ‘एसपी’खेरीज दोन खुणा वापरतात. ‘सीएफ’ म्हणजे अमक्या प्रजातीसारखा दिसतो, ताडून पाहा. ‘अॅफ’ म्हणजे अमक्याचा जवळचा, पण तो नव्हे. सर्वेक्षणांत याच्या पुढे ‘एसपी १’, ‘एसपी २’ अशी क्रमवारी लावतात, आणि घोटाळा इथेच होतो. वेल्ह्यातल्या एका अहवालातली ‘निमास्पिस एसपी १’ ही पाल आणि मुळशीतल्या दुसऱ्या अहवालातली ‘निमास्पिस एसपी १’ यांचा एकमेकींशी काही संबंध असेलच असं नाही. दोन्ही याद्या एकत्र करणारा संगणक त्यांना एक धरतो किंवा दोन्ही टाकून देतो. नमुना, जागा आणि क्रमांक यांच्याशी न बांधलेलं तात्पुरतं नाव निरुपयोगी असतं. असली नावं वाढवा असं मी म्हणत नाही.

ऑस्ट्रेलियात वनस्पतींसाठी जी पद्धत रुळली आहे ती मला सर्वांत समजूतदार वाटते. जीनसचं नाव, ‘एसपी’, जागेचा किंवा ठळक लक्षणाचा एक शब्द, आणि मग ज्या नमुन्यावर हे सगळं उभं आहे तो गोळा करणाऱ्याचं नाव व त्याचा क्रमांक. देशभर एका प्रजातीला असं एकच नाव, हर्बेरियमांनी मान्य केलेलं. न्यू साउथ वेल्समधलं एक जमिनीवरचं ऑर्किड ‘प्रासोफायलम एसपी वायबाँग’ या तात्पुरत्या नावानिशी तिथल्या राष्ट्रीय कायद्याखाली अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलं गेलं. लॅटिन नाव नसताना कायद्यानं ते ओळखलं. वर्णन प्रसिद्ध झालं की तात्पुरतं नाव निवृत्त होतं आणि जुन्या नोंदी नव्या नावाला जोडल्या जातात.

सूक्ष्मजीवांच्या क्षेत्रात प्रश्न निराळा आहे. जिवाणूला पक्कं नाव द्यायचं तर त्याचं प्रयोगशाळेत वाढवलेलं जिवंत कल्चर निदान दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावं लागतं. पुण्यातलं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र अशाच कामासाठी आहे. पण निसर्गातले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. म्हणून १९९० च्या दशकात ‘कॅन्डिडेटस’ ही सोय आली. आधी हा शब्द आणि मागून नाव, म्हणजे उमेदवार उभा आहे पण निवडून आलेला नाही. कीटकांसाठी डीएनए बारकोडवरून, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक छोट्या तुकड्यावरून, आपोआप गट पाडणारी आणि प्रत्येक गटाला क्रमांक देणारी जागतिक यंत्रणा चालते. पुण्यातल्या मोठ्या अॅक्वेरियमच्या दुकानात गेलात तर काचेला चिकटणारे दक्षिण अमेरिकी कॅटफिश ‘एल’ क्रमांकानं विकायला दिसतील. हे क्रमांक एका जर्मन मत्स्यछंदी मासिकानं १९८८ साली सुरू केले. पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांचा एल-४६ तीन वर्षांनी हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा झाला. कित्येक एल क्रमांक अजून तसेच आहेत, आणि तरी पुण्यातला दुकानदार व जर्मनीतला हौशी एकाच माशाबद्दल बोलत आहेत हे दोघांनाही कळतं. व्यापाराला जी शिस्त जमली ती आपल्या सरकारी सर्वेक्षणांना जमू नये याचं मला वाईट वाटतं.

यावर वर्गीकरणतज्ज्ञांचा एक आक्षेप असतो आणि तो हलका नाही. तात्पुरती सोय केली की पक्क्या नावाची निकड संपेल आणि कपाटं क्रमांकांनी भरून जातील, असं त्यांना वाटतं. त्यापेक्षा वर्णनाचाच वेग वाढवा, असं काही जण सुचवतात. २०२१ साली कोस्टा रिकातल्या परजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या प्रजाती एकाच शोधनिबंधात, मुख्यतः डीएनए बारकोड आणि फोटो यांच्या आधारावर, नावानिशी प्रसिद्ध झाल्या. त्यावर मोठा वाद झाला. हा मार्ग मला धोक्याचा वाटतो. नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम नाव कसं प्रसिद्ध झालं ते पाहतात, त्यामागचं संशोधन किती चांगलं आहे ते पाहत नाहीत. आणि आधी प्रसिद्ध झालेल्या नावाला कायमचा अग्रक्रम असतो. घाईनं केलेलं वर्णन पुढच्या प्रत्येक पिढीला निस्तरत बसावं लागतं. तात्पुरतं नाव चुकलं तर रद्द करता येतं. ज्याला पक्क्या नावाचं महत्त्व वाटतं त्यानंच तात्पुरत्या नावाचा आग्रह धरायला हवा, म्हणजे वर्णनाच्या कामावर घाईचं दडपण येणार नाही.

राहिली अस्थिरतेची गोष्ट. पक्की नावंही बदलतात. शिवनेरीच्या कड्यावर उगवणारी शिंदळ माकुडी ही वनस्पती डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं फ्रेरिया इंडिका या नावानं जगापुढे आणली. ते नाव मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्यावरून. पुढे तिला कॅरालुमा या जीनसमध्ये टाकलं, नंतर बूसेरोशियात. जुन्नरकडे तिला या सगळ्या काळात शिंदळ माकुडीच म्हणत आले आहेत.

वर्णन न झालेली प्रजाती म्हणजे कुणालाच माहीत नसलेली प्रजाती, असा समज शहरात पक्का आहे. साइक्सचा तो समज नव्हता. त्यानं माशांची नावं कोळ्यांना विचारली आणि तीच लॅटिन पोशाखात घातली. खुद्री, कोळस, शिंघाळा, मळ्या ही आपल्या नद्यांतल्या माशांची आजही अधिकृत प्रजातीनामं आहेत. जैविक विविधता कायद्यानं गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे, आणि ही कल्पना देशभर रुजवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. या नोंदवहीत स्थानिक नावाचा रकाना असतो. एखादा महादेव कोळी किंवा कातकरी माणूस दोन खेकड्यांना दोन नावं देत असेल आणि पुस्तकात मात्र एकच प्रजाती असेल, तर तात्पुरत्या नावाचं पहिलं पाऊल तिथेच पडलेलं असतं. तो खेकडा, त्याचं गावातलं नाव, जागा, फोटो आणि आकुर्डीला जमा केलेल्या नमुन्याचा क्रमांक एका ओळीत आणायचा, एवढंच उरतं. गेल्या काही वर्षांत याच डोंगरांतल्या खेकड्यांना घाटियाना, सह्याद्रियाना असे अख्खे नवे जीनस मिळाले आहेत. आंबोलीच्या देवळाजवळच्या पाण्यातला छोटा मासा २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी झाला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. नाव आलं आणि जागेला संरक्षण मिळालं. ज्या कुंडांतल्या माशांचं वर्णन व्हायचं आहे त्यांनी किती वर्षं थांबायचं?

पुण्यात याची सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. पालिकेची जैवविविधता समिती आहे. टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण आहे आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद आहेत. वेताळ टेकडीच्या रस्त्याच्या वादात नागरिकांनी स्वतः याद्या करून पुढे ठेवल्या आहेत. या समितीनं असा नियम करावा की शहराच्या हद्दीत, सार्वजनिक पैशातून किंवा परवानगीसाठी झालेल्या कोणत्याही सर्वेक्षणातल्या ‘एसपी’, ‘सीएफ’ आणि ‘अॅफ’ नोंदी गाळता येणार नाहीत. अशा प्रत्येक नोंदीसोबत नमुन्याचा क्रमांक आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते द्यावं लागेल. दोन्ही सर्वेक्षण केंद्रं, आघारकर आणि विद्यापीठ यांनी मिळून एक सामायिक यादी चालवावी, तिच्यात प्रत्येक वेगळ्या वाटणाऱ्या जिवाला एकच तात्पुरतं नाव असावं. तज्ज्ञानं पाहून ‘ही तर जुनीच प्रजाती’ म्हटलं की ओळ बंद करावी. हे काम करणाऱ्या माणसांना पगार द्यावा लागेल. वनस्पतिशास्त्र घेऊन एमएस्सी झालेली, फुलोरा भिंगाखाली उघडून वाचता येणारी मुलं मी नोकरीअभावी विमा विकताना पाहिली आहेत. ज्या शहरात कपाटं भरलेली आहेत तिथे ती वाचणाऱ्यांना काम नसावं ही गोष्ट मला फार लागते.

शोधाची बातमी देणाऱ्या वृत्तपत्रांनाही एक विनंती करतो. वर्णन प्रसिद्ध होण्याआधी ठरवलेलं लॅटिन नाव छापू नका. नियमानुसार अशा नावाला काही किंमत नसते, पण ते पसरतं आणि खरं नाव आल्यावर गोंधळ होतो. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून इसियस तुकारामी हे नाव मिळालं. असा मान देताना संशोधकांनी वर्णन छापून येईपर्यंत थांबायचं असतं, आणि आपणही थांबावं.

एका आक्षेपावर मात्र माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. यादी उघडी ठेवली की जागाही उघड होते. चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं वर्णन १९९९ साली झालं, मूळ जागा निबंधात होती, आणि काही वर्षांत पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी गोळा करणाऱ्यांनी त्या जागेवरून ती नाहीशी केली. कंदीलपुष्पांचे कंद आणि ऑर्किड उपटून नेणारे लोक आपल्याकडेही आहेत. म्हणून सार्वजनिक यादीत तालुक्यापर्यंतच लिहावं, कड्याचं किंवा ओढ्याचं नाव नको. तात्पुरत्या नावातला जागेचा शब्दही तेवढाच ढोबळ ठेवावा. अचूक अक्षांश-रेखांश संग्रहातल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर राहावेत, आणि परवानगीचा अर्ज त्या जागेसाठी आला तर समितीनं ते स्वतः तपासावेत. फोटोंच्या ॲपवर अचूक जागा टाकणाऱ्या हौशी निसर्गप्रेमींनाही हे पाळावं लागेल, आणि त्यांच्यावर सक्ती कशी करायची हे मला अजून सुचलेलं नाही. तोपर्यंत टेकडीवर मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं फोनवरची जागेची खूण बंद करायला शिकवावं.